गाव म्हणा, शहर नको!

‘तुमचं गाव कोणतं?’ हा प्रश्न मराठी माणसाला कुठंही चुकत नाही. तुमचा जन्म इंदूरचा असो की बेंगळुरूचा, समोरच्याला आजोबांचं गाव हवं असतं. गंमत अशी की, तेच गाव मोठं झालं की तिथली माणसं नगरपरिषदेची वाट बघायला लागतात. आता आमचं खेडं राहिलं नाही, असं अभिमानानं सांगतात.

म्हणून मला इंग्लंडमधल्या क्रॅनलीचं नवल वाटतं. लंडनच्या नैऋत्येला, सरे परगण्यात, गिल्डफर्डपासून साधारण 13 किलोमीटरवर हे गाव आहे. वस्ती 11 हजारांहून जास्त. लांबलचक बाजाररस्ता, दुकानं, शाळा, कलाकेंद्र, सगळं आहे. तरीही गावकरी सांगतात, आम्ही इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं ‘गाव’! या दाव्याला दावेदार बरेच आहेत. यॉर्कशरमधलं कॉटिंगहॅम लोकसंख्येत क्रॅनलीच्या पुढेच आहे. पण शहर व्हायची घाई नसलेल्यांची ही चुरस मला भारी आवडते.

गाव जुनं आहे. बाराव्या शतकातल्या सरकारी हिशोबांतही त्याचं नाव सापडतं. नावाचा अर्थ क्रौंच पक्ष्यांची रानातली मोकळी जागा. आधी ते इंग्रजीत थोडं वेगळं लिहीत. पण जवळच क्रॉली नावाचं दुसरं गाव, त्यामुळे पत्रं भलतीकडे जायची. अखेर 1860च्या दशकात टपालखात्याच्या सांगण्यावरून स्पेलिंग बदललं. पिन कोड नसतानाच्या काळातला हा उपाय!

गावच्या चर्चमध्ये हसणाऱ्या मांजराचा चेहरा दगडात कोरलेला आहे. लुईस कॅरलला ‘ॲलिस’मधलं हसरं मांजर इथंच सुचलं, असं म्हणतात. इंग्रजी साहित्य शिकलेल्या माझ्यासारखीला हे खरं असावंसं फार वाटतं. पण पुस्तक आलं 1865 मध्ये आणि कॅरलनं गिल्डफर्डला बहिणींसाठी घर घेतलं 1868 मध्ये. हिशोब काही जुळत नाही. असो, आपल्याकडे तरी कोणत्या गावात पांडवांनी मुक्काम केलेला नाही?

क्रॅनलीची खरी गोष्ट मात्र मांजराची नाही, दवाखान्याची आहे.

1859 सालचा विचार करा. गावात रेल्वे नव्हती. सरेतल्या चिकणमातीचे रस्ते पावसाळी दिवसांत चिखलाचे होत. मोठी रुग्णालयं दूरच्या शहरांत. शेतमजुराचा पाय मोडला, तर एक तर गाडीतून हादरे खात शहर गाठायचं, नाही तर अंधाऱ्या, दाटीच्या घरात पडून राहायचं. गावचे डॉक्टर अल्बर्ट नॅपर यांनी ठरवलं की रोग्याला शहरात न्यायचं नाही, दवाखानाच गावात आणायचा. चर्चच्या धर्मगुरूंनी एक जुनं छोटं घर बिनभाड्यानं दिलं. त्यात सहा खाटा आणि एक परिचारिका. बस, एवढंच.

यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे पैशांची व्यवस्था. उपचार अगदी फुकट नव्हते. रोग्यानं दर आठवड्याला ऐपतीप्रमाणे थोडी रक्कम द्यायची, उरलेला भार गावच्या वर्गणीवर. म्हणजे मजूर धर्मादाय खाटेवर पडलेला दीनवाणा माणूस ठरत नसे. आपल्याच गावात, ओळखीच्या माणसांत, थोडे का होईना पैसे देऊन तो बरा होत असे. ही कल्पना इतकी चालली की पुढच्या काही दशकांत इंग्लंडभर असे शेकडो ग्रामीण दवाखाने उभे राहिले. सुरुवात एका घरातून झाली होती.

1865 मध्ये रेल्वे आली आणि बरोबर शंभर वर्षांनी, 1965 मध्ये, तोट्याचा मार्ग म्हणून बंद झाली. रुळांच्या जागी आता पायवाट आहे. लोक तिथं सायकली चालवतात, कुत्र्यांना फिरवतात. स्टेशनच्या जागी दुकानं आली. बाजाररस्त्यावरची मेपलची झाडं मात्र टिकून आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात इथं तळ ठोकलेल्या कॅनडाच्या सैनिकांनी ती लावली. घरापासून हजारो मैलांवर आलेल्या पोरांनी परक्या गावात आपल्या देशाचं झाड लावलं, हे वाचून मी जरा थांबलेच. गावच्या मैदानावर अजून क्रिकेट रंगतं आणि वर्षातून एकदा शेती-जनावरांचं प्रदर्शन भरतं.

दवाखान्याचं पुढे काय झालं? सरकारी आरोग्यसेवेत तो सामील झाला, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात तिथल्या खाटा बंद झाल्या. बाहेरून येणाऱ्या रोग्यांची तपासणी राहिली. रात्री मुक्कामाला राहून बरं होण्याची सोय गेली. गावकऱ्यांनी नव्या इमारतीसाठी पैसे जमवले. जागेचे व्यवहार झाले, आराखडे बदलले, वर्षानुवर्षं वाद झाले. ज्यांनी विश्वासानं पैसे दिले, त्यांचा राग मला पूर्ण कळतो. ज्या गावानं इंग्लंडला घराजवळचा दवाखाना दाखवला, तिथल्या म्हाताऱ्यांना आता खाटेसाठी गाव सोडावं लागतं.

दुसरीकडे शेतांवर नवी घरं उठताहेत. त्यांवरून खटके उडतात: रस्ते पुरतील का, शाळेत जागा आहे का, सांडपाणी कुठं जाणार? प्रश्न आपल्या ओळखीचेच आहेत. तरुणांना परवडणारी घरं हवीत, हेही खोटं नाही. ‘गावपण जपा’ म्हणणारे बहुधा स्वतःचं घर असलेलेच असतात, अशी मला शंका आहे.

इंग्लंडच्या कायद्यानुसार तिथली ग्रामपंचायत स्वतःच ठराव करून गावाला शहराचा दर्जा घेऊ शकते. फार मोठी प्रक्रिया नाही. क्रॅनलीत अजूनही ग्रामपंचायतच आहे.