असल उत्तर

इतिहासाच्या तासाला ‘जर’ आणि ‘तर’ या दोन शब्दांना फारसा मान नसतो. झाले ते झाले, असे म्हणून प्राध्यापक पुढच्या सनावळीकडे वळतात. पण पानिपताविषयी बोलताना मराठी माणसाने हे दोन शब्द कधी टाळले आहेत? जयंत नारळीकरांनी तर ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांची गोळी नुसती चाटून जाऊ दिली आणि सारा इतिहास दुसऱ्या वाटेने नेला. मी केलेला उद्योग याच जातीचा. मात्र लेखणीचा नव्हे, तर पुठ्ठा, कात्री, डिंक आणि दोन फासे यांचा. १९६५ सालच्या एका रणगाड्यांच्या लढाईचा मी खेळ तयार केला, आणि तोही ‘जर’सकट.

युद्धाचा खेळ म्हणजे पोरखेळ नव्हे. आपल्याकडे चतुरंग होताच. १८२४ साली प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशा, सोंगट्या आणि फासे घेऊन असा एक खेळ मांडला आणि तेथील सेनापतींनी तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेत असे छापील खेळ दुकानांत आले. त्यांच्या पटावर बहुधा षट्कोनी घरे असतात. चौकोनी पटावर तिरपा चालणारा मोहरा एका चालीत जास्त अंतर कापतो. षट्कोनात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर. मधमाशीला हे आपल्याआधी समजले होते.

मी निवडलेली लढाई पंजाबात खेमकरणजवळच्या एका खेड्यापाशी झाली. खेड्याचे नावच ‘असल उत्तर’. सप्टेंबर १९६५च्या दुसऱ्या आठवड्यात पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन खेमकरण घेऊन बियास नदीच्या पुलांच्या रोखाने निघाली होती. ते पूल पडते तर अमृतसर मागच्या बाजूने तुटले असते. त्यांच्याकडे अमेरिकन पॅटन होते, नवे आणि संख्येनेही अधिक. आपल्याकडे तीन रेजिमेंटी : थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्सचे दुसऱ्या महायुद्धातले शर्मन आणि एट्थ कॅव्हलरीचे हलके एएमएक्स. मेजर जनरल गुरबक्षसिंग यांनी चौथी माउंटन डिव्हिजन मागे घेऊन असल उत्तरभोवती घोड्याच्या नालेसारखी मांडली, रणगाडे उसात दडवले आणि रात्रीतून भोवतालच्या शेतांत पाणी सोडले. पॅटन त्या नालेत शिरले आणि चिखलात मंदावले. १० सप्टेंबरपर्यंत हल्ला मोडला. आपल्याकडच्या नोंदींत पाकिस्तानचे ९७ रणगाडे गेल्याचा आकडा सांगतात.

एवढे वाचून मी सोंगट्या कापल्या. एक सोंगटी म्हणजे एक स्क्वाड्रन, चौदा रणगाडे. प्रत्येकीवर तीन आकडे : तोफ, चिलखत आणि चाल. पॅटनची तोफ ९० मिलिमीटरची, शर्मनची ७६. हे आकडे पुस्तकात मिळतात. घोडे अडले ते जमिनीपाशी. पाणी दिलेल्या शेतात ४५ टनांचा रणगाडा किती घरे चालेल, हे कोणत्या पुस्तकात पाहायचे?

इथे माझे गाव उपयोगी पडले. माझे गाव शाहपुर. बेळगावचे शहापूर नव्हे. हे मध्य प्रदेशातले, बऱ्हाणपूर जिल्ह्यातले, केळीच्या बागांचे. काळ्या जमिनीत पाणी दिले की शेतकरी दुसऱ्या दिवशी औत घालत नाही. वाफसा येण्याची वाट पाहतो. वरून पापुद्रा सुकलेला दिसतो आणि आत पाय घातला तर पोटरीपर्यंत जातो. रुतलेले ट्रॅक्टर बाहेर काढताना माझे काका म्हणत, “लोखंडाचा भार लोखंड नाही उचलत बाबा, जमीन उचलते.” पंजाबची माती आमच्या मातीसारखी नाही, पण नियम तोच. मी माझ्या कोष्टकाला नावच दिले ‘वाफसा’ : ओले, आंबट-ओले, वाफशावर आणि कोरडे. वसतिगृहातला माझा सोबती धारवाडकडचा. त्याला हे समजावताना मी अडखळलो, तर तो म्हणाला, “म्हणजे आमचा हद!” त्याच्या काळ्या एरे भूमीतही पेरणीआधी हद पाहतात. एका भाषेतला शेतकरी दुसऱ्या भाषेतल्या शेतकऱ्याला दुभाष्याशिवाय समजतो, हे मला त्या दिवशी कळले.

आता ‘जर’. असा खेळ बसवताना मोह होतो तो दहा गोष्टी एकदम बदलण्याचा. पण मग निकाल कशामुळे बदलला हे समजत नाही. म्हणून मी एकच गोष्ट बदलली : त्या रात्री पाणी सुटले नाही, जमीन कोरडी राहिली. बाकी सोंगट्या, ऊस, रस्ते, सारे जसेच्या तसे. सोबत्याने पाकिस्तानची बाजू घेतली आणि मन लावून खेळला.

कोरड्या जमिनीवर पॅटन झपाट्याने आले. तरीही तो प्रत्येक डाव जिंकला नाही. उसात दबा धरून बसलेल्याला पहिला गोळा टाकण्याची संधी कोरड्यातही राहिली. पायदळ मागे ठेवून त्याने रणगाडे तुकड्यातुकड्यांनी पुढे घातले की तो कोरड्यातही हरे. मात्र सगळे एकवटून, लांबून वळसा घालून तो आला की माझी नाल उलगडे आणि बियासचा रस्ता उघडा पडे. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सेंच्युरियन तर पॅटनहूनही जड. चिखल त्यालाही सोडणार नव्हता. पण त्याला कुठे जायचे नव्हते. चिखल दोघांना सारखाच असतो. भोवतो तो ज्याला पुढे जायचे आहे त्यालाच. अहमदनगरच्या (आता अहिल्यानगरच्या) रणगाडा संग्रहालयात पॅटन आणि सेंच्युरियन दोन्ही पाहायला मिळतात. तिथे लोखंड दिसते, ही गोष्ट दिसत नाही.

डाव पाहायला खोलीत मुले जमू लागली. आपली बाजू हरली की ती चिडत. एकाने सुचवले, “आपल्या सोंगट्यांना एकेक गुण वाढवून दे, म्हणजे झाले!” दुसरा म्हणाला, “अब्दुल हमीदची वेगळी सोंगटी कर, तिचा नेम कधीच चुकणार नाही.” मी दोन्हीला नाही म्हटले, आणि थोडा वाद झाला.

अब्दुल हमीद हा चौथ्या ग्रेनेडियर्सचा कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार, गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचा. त्या ग्रेनेडियर्सचे केंद्र आज आमच्या मध्य प्रदेशात, जबलपूरला आहे. उघड्या जीपवरच्या तोफेने त्याने पॅटन टिपले आणि १० सप्टेंबरला तो पडला. मरणोत्तर परमवीरचक्र त्याला मिळाले. माझ्या पटावर जीपच्या सोंगट्या आहेत, चिलखत शून्य. त्यांतल्या कुणावरही नाव नाही. ज्याचा नेम चुकूच शकत नाही, ज्याला गोळा लागूच शकत नाही, त्याने उसात जीप उभी करण्यात शौर्य ते काय राहिले? आपला जय आधीच ठरलेला असेल, तर त्या रात्री पाणी सोडणाऱ्यांनी आणि चिखलात जागे राहिलेल्यांनी नेमके काय केले?

म्हणून माझ्या खेळात आपण हरू शकतो. ही सोय मी मुद्दाम ठेवली आहे. ‘जर’चे काम इतिहासाला आपल्या मनासारखे वळवणे हे नव्हे, जे घडले ते न घडणेही किती जवळ होते, हे दाखवणे हे आहे. खेड्याचे नाव त्या लढाईच्या कितीतरी आधीचे असेल, पण ज्यांनी तिथे ते उत्तर दिले त्यांना उत्तरपत्रिका आधी कुणी दाखवली नव्हती.