वयाची अट

‘वयात बसत नाही’ हा शेरा महसूल खात्याच्या नोकरीत मी स्वतःच्या हाताने किती अर्जांवर लिहिला असेल याचा हिशेब नाही. परंतु तेच शब्द मुंबईतील एका मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, एका अत्यंत सौजन्यशील तरुण मुलीच्या तोंडून, माझ्या भाचीसंबंधाने ऐकले, त्याला काही वर्षे लोटली तरी त्यांचा सल गेलेला नाही.

पूर्वपीठिका लांबविण्याचे कारण नाही. भाची दहावीत असताना गुडघ्याच्या वर सूज आली, खेळताना लागले असेल म्हणून चार दिवस लेप लावले, मग क्ष-किरण, मग तुकडा काढून तपासणी, आणि शेवटी ‘ऑस्टिओसार्कोमा’ हे नाव. हाडाचा हा कर्करोग विरळा असतो आणि होतो तो बहुधा उंची वाढण्याच्या वयात, गुडघ्याच्या आसपास. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी आपल्या देशातील परिस्थिती ओळखून बसविलेली ‘ओजीएस-१२’ नावाची औषधयोजना आहे. मेथोट्रेक्झेटचा प्रचंड डोस द्यायचा तर रक्तातील त्याचे प्रमाण वरचेवर मोजावे लागते, ती सोय सर्वत्र नसते, म्हणून ते वगळून बाकीच्या तीन औषधांवर ती उभी आहे. तीच आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी दिली गेली. मांडीच्या हाडाचा रोगट भाग काढून धातूचा सांधा बसविला, पाय वाचला, केस पुन्हा आले, आणि ती बारावीच्या वर्गात जाऊन बसली. त्यानंतरच्या स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत गाठी दिसल्या. शस्त्रक्रियेने काढता येतील त्याहून त्या अधिक होत्या. आमच्या डॉक्टरांनीच सुचविले की मुंबईस एका नव्या गोळीची चाचणी सुरू आहे, तेथे जाऊन पाहा.

त्या दालनात आम्हांला मराठीत छापलेले माहितीपत्रक देण्यात आले. माझी बहीण ते हातात धरून नुसती पाने उलटीत होती. भाचीने ते काढून घेतले आणि पेन्सिलीने खुणा करीत, परीक्षेचा अभ्यास करावा तसे, वाचावयास घेतले. मध्येच ती म्हणाली, “मामा, यात निम्म्यांना नुसतीच गोळी देणार, औषध नसलेली. कोणाला कुठली ते डॉक्टरांनापण कळणार नाही.” मी म्हटले, “मग?” ती म्हणाली, “मग काय, बरोबरच आहे. नाहीतर कळणार कसं?” आणि पुन्हा वाचू लागली.

तेवढ्यात ती समन्वयक मुलगी आधार कार्डाची नक्कल घेऊन परत आली. जन्मतारखेवर तिचे बोट होते. “काका, हिला अठरा पूर्ण नाहीत.” बहीण चटकन म्हणाली, “अठरावं लागलंय की तिला! चालू आहे.” “पूर्ण लागतात हो, काकू. वयात बसत नाही.” मी दाखल्यांचा माणूस, किती दिवस कमी पडतात, सूट देण्याचा अधिकार कोणाकडे आहे, विनंती अर्ज कोणाच्या नावे करावयाचा, हे सर्व मी विचारले. तिने डॉक्टरांना बोलाविले. त्यांनी खुर्ची ओढून, घड्याळाकडे न पाहता समजावून सांगितले की चाचणीचा आराखडा कंपनीचा असतो, त्यात एका रुग्णासाठी फेरफार करता येत नाही, आणि अठराखालील मुलांत या औषधाची सुरक्षित मात्रा ठरलेली नाही. भाचीने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि नंतर, जणू काही प्रवेश मिळालाच आहे अशा थाटात, आपला शेवटचा प्रश्न विचारला: “चाचणी संपल्यावर ज्यांना गुण आला त्यांना गोळी पुढे मिळते का?” डॉक्टर क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “नियम तसा आहे.” पत्रक परत करण्यापूर्वी तिने खोडरबर काढून आपल्या पेन्सिलीच्या खुणा पुसल्या. समन्वयक मुलगी म्हणाली, “असू दे गं, घेऊन जा.” पण तिने ते टेबलावरच ठेवले.

मी वयाच्या अटीचा वैरी नाही. श्रावणबाळ योजनेच्या अर्जदारास पासष्ट वर्षे पूर्ण होण्यास दोन महिने उणे असले तर मी अर्ज परत करीत असे, आणि आजही तेच करीन. खजिन्यातून रक्कम द्यावयाची तर कोठेतरी रेघ ओढावी लागते, आणि दोन महिन्यांनी तोच इसम पुन्हा अर्ज घेऊन येऊ शकतो. परंतु जो रोग मुख्यत्वे चौदा-पंधरा-सोळाच्या वयात गाठतो, त्याच्यावरील औषधाची परीक्षा अठरा पूर्ण झालेल्यांवरच करावयाची, ही रेघ कोणत्या तर्काने ओढली? मात्रा ठरलेली नाही म्हणावे, तर भाची आपल्या आईपेक्षा उंच आणि वजनाने भारी होती, आणि त्याआधीची तिन्ही विषसमान औषधे तिला मोठ्या माणसाच्याच हिशेबाने दिली गेली होती. कायद्याचा अडसर म्हणावा, तर तोही नाही. आपल्याकडील २०१९ च्या नियमांत अज्ञान रुग्णाच्या वतीने पालकाने संमती द्यावी आणि जाणत्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा, अशी तरतूद स्पष्ट आहे. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, योग्य असेल तेथे बारा वर्षांपुढील मुलांना प्रौढांच्या कर्करोग-चाचण्यांत घ्यावे, असे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. फ्रान्समध्ये कॅबोझँटिनिब या गोळीची चाचणी हाडाच्याच दोन कर्करोगांवर दहा केंद्रांत झाली, तीत ९० रुग्ण होते आणि किमान वयाची अट बारा होती. म्हणजे रेघ हलविता येते.

हे सर्व मी मागाहून वाचले. निवृत्त माणसाला वेळ असतो. वाचता वाचता चाचणी या प्रकाराबद्दल माझा आदर वाढला, हेही नमूद केले पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर रसायनोपचार केल्याने या रोगात काही लाभ होतो की नाही, यावर एके काळी नामांकित डॉक्टरांतच दुमत होते. तो वाद १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीने मिटविला. तीत चिठ्ठी टाकून विभागलेले रुग्ण अवघे ३६. दोन वर्षांनी नुसत्या शस्त्रक्रियेच्या गटात १७ टक्के रोगमुक्त, तर औषध मिळालेल्या गटात ६६ टक्के. भाचीला जी दोन बरी वर्षे मिळाली ती त्या ३६ जणांच्या चिठ्ठ्यांतून आली. उलट, युरामॉस नावाच्या चाचणीत १७ देशांतील २,२६० रुग्ण नोंदले गेले आणि जादा औषधे जोडण्याचा फायदा झाला नाही, विषबाधा मात्र वाढली. मांसल भागांच्या सार्कोमासाठी ओलाराटुमॅबला १३३ रुग्णांच्या चाचणीवरून २०१६ साली अमेरिकेत परवानगी मिळाली. पुढे ५०९ रुग्णांवर पारखले तेव्हा आयुष्यात वाढ दिसली नाही, आणि औषध बाजारातून काढून घेण्यात आले. तेव्हा त्या गोळीने भाची वाचली असती असे मी म्हणत नाही. तिला कदाचित ‘नुसतीच गोळी’ आली असती.

अठरा पूर्ण झाल्यावर आम्ही पुन्हा गेलो. या वेळी जन्मतारखेकडे कोणी पाहिलेही नाही. मधल्या काळात तिच्या छातीत हवा साठून नळी घालावी लागली होती, जिना चढवत नव्हता, आणि सहभागासाठी अंगात जेवढी शक्ती लागते तेवढी आता उरलेली नव्हती. वय बसले तेव्हा तब्येत बसेना. समन्वयक मुलगी तीच होती. तिच्या डोळ्यांत पाणी आले म्हणून भाचीनेच तिची समजूत घातली. पुढे आषाढ संपण्यापूर्वी सर्व आटोपले.

कोणावर हा प्रसंग आला तर एवढेच सांगेन की चाचणीस जाण्यापूर्वी राष्ट्रीय नोंदवही उघडून पाहावी. १५ जून २००९ पासून आपल्याकडे चाचणीची नोंद सक्तीची आहे, तीत किमान व कमाल वय लिहिलेले असते, आणि ती कोणालाही पाहता येते. आम्ही ती पाहिली असती तर एक हेलपाटा वाचला असता.

बहिणीला माझे हे खटाटोप रुचत नाहीत. तिचे म्हणणे, “दादा, घेतलं नाही तेच बरं झालं. शेवटचे महिने घरी तरी काढले पोरीनं. नाहीतर दर आठवड्याला रक्त द्यायला मुंबईच्या वाऱ्या.” त्या महिन्यांत भाची सोप्यावर बसून शेजारच्या मुलांना गणित शिकवीत असे, हे मीही पाहिले आहे. तरी बहिणीचे म्हणणे मला पटत नाही, आणि तिच्याशी वाद घालण्याचा अधिकारही मला नाही. रेघ बाराला ओढली तर अकरा वर्षांच्या मुलाचा कोणी मामा असाच चडफडत बसेल, हेही मला दिसते. माहितीपत्रकावर नीतिसमितीचा पत्ता छापलेला होता, त्यावर मी रीतसर अर्ज धाडला. आराखड्यातील अटी बदलणे समितीच्या अखत्यारीत नाही, असे दोन ओळींचे उत्तर आले. मग मी दुसरा अर्ज थेट कंपनीच्या नावे केला आणि त्याला भाचीच्या जन्मदाखल्याची साक्षांकित नक्कल जोडली, जरी ती कोणी मागितलेली नव्हती.