सुरी कोणी निवडावी?

स्वयंपाकघरात ओटा आला आणि विळीची बैठक मोडली. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनीही उभ्याने चिरायचे ठरवले. दुकानदाराने लगेच सहा सुऱ्यांचा देखणा संच पुढे केला. त्या म्हणाल्या, “भाजी, मासळी, फणस, सारे एका विळीने निभावले, सुरीलाच एवढा परिवार कशाला?”

खरेच आहे. एक सहा-आठ इंची, रुंद पात्याची आणि एक सोलायला लहान, एवढ्या दोन पुरतात. साधे पोलाद चटकन धार घेते, पण लिंबू-चिंचेने काळवंडते, ओले राहिले की गंजते. १९१३ साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने पोलादात क्रोमियम मिसळले आणि ही कटकट पुष्कळ कमी झाली. मात्र न गंजणारे पाते बोथट होतच नाही, असे नाही. बोथट सुरीला जोर लावावा लागतो. ती घसरते आणि बोटावर येते. संचाचे पैसे वाचवून धारेचा दगड घ्यावा, तो याचसाठी.

आणि नवरोबांनो, पाडव्याची ओवाळणी म्हणून सुरी परस्पर आणू नका. मूठ ज्या हातात बसायची, त्याच हाताने ती दुकानात तोलून पाहावी. रोज दोन वेळा चिरणाऱ्या हाताला एवढा मान हवाच.