पडदा आणि शेजार

चित्रपटाविषयी मत नसलेला मराठी माणूस आमच्या पाहण्यात नाही. अर्थसंकल्पावर किंवा पाटबंधाऱ्यांवर बोलताना जो गृहस्थ ‘मला त्यातले फारसे कळत नाही’ असे नम्रपणे म्हणतो, तोच मध्यंतराचा चहा हाती येण्यापूर्वी दिग्दर्शकाचे कोठे बिनसले हे सांगून मोकळा होतो. आम्ही या नियमाला अपवाद नाही आणि होण्याची इच्छाही नाही. पाहिलेल्या चित्रपटावर चार शब्द बोलावयाचे नाहीत, तर तो पाहावयाचा तरी कशासाठी?

परंतु स्वतःचा प्रांत सोडून सरकारी वसाहतींत वर्षानुवर्षे काढलेल्या माणसाच्या या मतांना एक चमत्कारिक वळण लागते. पुण्यात मराठी चित्रपट पाहणारा प्रेक्षक हा निव्वळ प्रेक्षक असतो. त्याने तिकिटाचे पैसे मोजलेले असतात. चित्रपट आवडला नाही, तर तो तसे चारचौघांत सांगतो. दिल्लीतल्या आमच्या दिवाणखान्यात मात्र डाव्या हाताला हैदराबादचे शेजारी बसलेले असतात, उजव्या हाताला बलियाचे. आणि पडद्यावर मराठी अक्षरे उमटू लागली, की आम्ही नकळत प्रेक्षकाच्या खुर्चीवरून उठून यजमानाच्या खुर्चीवर जाऊन बसतो. पानात वाढलेला पदार्थ पाहुण्यांना रुचतो आहे की नाही, याकडे यजमानाचे सारे लक्ष. त्याच्या स्वतःच्या घासाला चव कोठून लागणार?

आमच्या वसाहतीतल्या तीन बिऱ्हाडांनी रविवारी रात्री एकत्र बसून चित्रपट पाहण्याची प्रथा पाडली आहे. हल्ली कोणत्याही भाषेतला चित्रपट घरबसल्या मिळतो आणि खाली इंग्रजी ओळी उमटत असल्यामुळे दुभाष्याची गरज पडत नाही. निवडीची पाळी आळीपाळीने येते. आमची पाळी आली, की चित्रपट मराठी असावयाचा, हे न बोलता ठरलेले आहे.

पहिल्या पाळीला आम्ही नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ लावला. हा चित्रपट आम्ही २०१६ साली इंदुरास मुक्काम असताना चित्रगृहात पाहिला होता. तेव्हाचे आमचे मत ठाम होते : पूर्वार्ध मोहून टाकणारा, उत्तरार्ध लांबलेला. करमाळ्याकडचे ते पाणी, ती केळीची बाग, बुलेटवरून येणारी आर्ची, आणि अजय-अतुल यांच्या संगीतात एकाएकी उसळणारा तो पाश्चात्त्य वाद्यवृंद, यांनी इंदूरचे प्रेक्षागृह डोक्यावर घेतले होते. पळून गेलेले जोडपे हैदराबादच्या झोपडपट्टीत पोहोचल्यावर मात्र शिट्ट्या थांबल्या, आणि आम्हीही घड्याळाकडे पाहू लागलो.

आमच्या घरी नेमके उलट घडले. पूर्वार्धात हैदराबादचे शेजारी सौजन्याने पाहत होते, एवढेच. हैदराबाद आले आणि ते खुर्चीत पुढे सरकले. ज्या मुलीच्या शब्दाला गावात मान होता, तिला या शहरात साधे बोलताही येत नाही. ती कारखान्यात कामाला लागते आणि तिकडची भाषा शिकू लागते, हे त्यांच्या पत्नी अगदी एकटक पाहत होत्या. शेवटच्या प्रसंगी, लहान मूल दारातून आत जाते आणि पडद्यावरचा सारा आवाज नाहीसा होतो, तेव्हा शेजाऱ्यांनी रिमोट उचलून आवाज वाढविण्याचा प्रयत्न केला. इंदूरच्या चित्रगृहात त्या शांततेने शेकडो माणसांचा श्वास रोखून धरला होता; घरी तिची जागा यंत्राच्या बिघाडाच्या शंकेने घेतली. मौन ही गोष्ट चित्रगृहातच पाहावी, हे आमचे मत त्या दिवशी पक्के झाले.

चित्रपट संपल्यावर त्या बाई म्हणाल्या, “पोराला फिरवून आणून दारात सोडणारी ती शेजारीण. त्या दोघांचं तिथं तिच्यावाचून होतं कोण?” त्या शेजारणीकडे आम्ही दोन्ही वेळा पुरते लक्ष दिले नव्हते. आम्ही करमाळ्याहून चित्रपट पाहत होतो, त्या हैदराबादेतून. परगावी दिवस काढणाऱ्या माणसाला शेजारीण म्हणजे काय हे ठाऊक असते, आणि आम्हीही वर्षानुवर्षे परगावीच राहतो आहोत. उत्तरार्ध लांबला आहे, असे आम्ही आजही म्हणू. पण तो आता आमच्या अधिक जवळचा आहे, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या पाळीला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ निवडला. २०१४ च्या सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला होता, तेव्हा पाहुण्यांपुढे ठेवावयास हे पान चांगले, असा आमचा हिशेब. गटार साफ करणाऱ्या एका कामगाराच्या मृत्यूवरून लोकशाहिरावर खटला भरला जातो आणि तारखांमागून तारखा पडत जातात, एवढेच कथानक. कॅमेरा एका जागी उभा राहतो तो राहतोच. जणू त्यालाही साक्षीसाठी बोलावून खोळंबून ठेवले आहे. कचेरीत आयुष्य घालविलेल्या आम्हां तिघांना त्या कामकाजातला कंटाळा इतका ओळखीचा वाटला, की हसावे की संकोचावे हे कळेना. एका प्रसंगी न्यायालय रिकामे होते, दिवे मालवले जातात, पडदा काळोखा होतो. बलियाचे शेजारी चपला शोधू लागले. चित्रपट अजून बाकी आहे, असे सांगून त्यांना पुन्हा बसवावे लागले.

परंतु या चित्रपटात एक प्रसंग असा आहे, की तो जवळ येऊ लागताच आमच्या छातीत धडधड सुरू झाली. सरकारी वकील असलेली ती मराठी बाई एका सुटीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जाते. रंगमंचावर एका उत्तर भारतीय तरुणाची यथेच्छ टवाळी होते, मुलीचा बाप त्याला घराबाहेर काढतो, आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणून जाते. बलियाचे शेजारी उजव्या हाताला बसले होते. त्यांच्या आईने आमच्या घरी आजारपणात रात्री जागून काढल्या आहेत. आमच्या मनात अशिलाची बाजू मांडणाऱ्या वकिलाची भाषणे तयार होऊ लागली : हा उपहास आहे, दिग्दर्शकाला हे मान्य नाही, सारे मराठी लोक असे नसतात, वगैरे वगैरे. खाली इंग्रजी ओळी येत होत्या, म्हणजे न कळण्याची आशाही नव्हती.

प्रसंग संपला. कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने शेजाऱ्यांनी विचारले, “बनानेवाला भी तो मराठी ही है न?” आम्ही ‘हो’ म्हटले. “तो ठीक है,” एवढे म्हणून ते पुढे पाहू लागले.

या दोन शब्दांवर आम्ही त्यानंतर पुष्कळ विचार केला आहे. आमची सारी भाषणे एका बाजूला आणि दिग्दर्शकाने कोणतीही सारवासारव न करता दाखविलेले ते प्रेक्षागृह एका बाजूला, असे तोलले असता पारडे कोणीकडे झुकते हे सांगावयास नको. आपल्या माणसांचे उणे आपल्याच माणसाने मांडले, म्हणून शेजाऱ्याचा विश्वास बसला. आम्ही मधे पडून खुलासा केला असता, तर तो विश्वास उणावलाच असता. परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाला आपल्या भाषेची वकिली करण्याची सवय जडते. तिच्या मुळाशी प्रेम असते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जो चित्रपट ही वकिली मागतो, तो बहुधा दुबळा असतो. आणि जो सबळ असतो, त्याला तिची गरज नसते.

स्वतःच्या प्रांतात ही भीड कशी गळून पडते, याचा अनुभव आम्हांला २०२५ च्या मार्चमध्ये रजेवर नागपूरला गेलो असता आला. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ चित्रगृहात नुकताच लागला होता. चंद्रपूरकडच्या खेड्यातली, शिकू पाहणारी एक मुलगी. तिला पाहावयास येणारी पाहुणे मंडळी. तेच प्रश्न, तीच उत्तरे, तीच उंचीची नि रंगाची मोजणी. पाहण्याचा हा विधी पुनःपुन्हा येतो आणि त्या पुनरावृत्तीतच चित्रपटाचे म्हणणे आहे. तरीही एखादी फेरी कमी असती तर परिणाम अधिक टोकदार झाला असता, असे आम्ही मध्यंतरात मोठ्याने म्हणालो. दिल्लीत हे वाक्य आमच्या तोंडून निघाले नसते. मागच्या रांगेतल्या एक प्रौढ बाई लगेच म्हणाल्या, “भाऊ, माझ्या वेळेला अकरा झाल्या होत्या. मोजल्या होत्या मी.” सगळी रांग हसली; बाई हसल्या नाहीत. आमचे मत आम्ही बदलले नाही, परंतु उत्तरार्धात फेऱ्या मोजण्याचे मात्र सोडून दिले. आपल्या माणसांत बसून आपल्या चित्रपटावर टीका करण्यात हा मोठा लाभ असतो : तिथल्या तिथे उत्तर मिळते.

तिसऱ्या पाळीला अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ आला. बदलीच्या नोकरीवर असलेल्या सर्वांनी तो पाहावा, अशी आमची शिफारस आहे. वडील गेल्यानंतर सरकारी नोकरीतल्या आईची बदली होते आणि चिनू नावाचा मुलगा पुणे सोडून कोकणातल्या एका लहान गावी येतो. नवी शाळा, नवे सवंगडी, समुद्र, पाऊस आणि एक किल्ला. छायालेखनही दिग्दर्शकाचेच, पाऊस इतका ओला आम्ही पडद्यावर क्वचित पाहिला आहे. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्याच परीक्षकमंडळाने त्याला स्फटिक-अस्वलाचे पारितोषिक दिले. मध्ये काही काळ चित्रपट रेंगाळतो आणि कचेरीतल्या कटकटींचा धागा हवा तितका घट्ट विणलेला नाही, हे आमचे आक्षेप. परंतु अमृता सुभाष यांनी उभी केलेली ती आई दिवसभर कचेरीत खंबीर असते आणि रात्री मुलापुढे तिला शब्द सापडत नाहीत, यात आम्हांला कोठेही खोट दिसली नाही.

चित्रपटाच्या अखेरीस पुन्हा बदली होते. जमलेले मित्र सुटतात. आमचे चिरंजीव बारा वर्षांचे आहेत आणि ही त्यांची चौथी शाळा आहे. दिवे लागल्यावर ते बलियाच्या शेजाऱ्यांच्या मुलीला म्हणाले, “नव्या शाळेत पहिल्या दिवशी मागचा बाक घ्यायचा नाही. मागच्या बाकावरच्यांची दोस्ती आधीच झालेली असते.” ती म्हणाली, “मैं तो खिड़की वाली लेती हूँ। कोई बात न करे तो बाहर देख सकते हैं।” हैदराबादकडच्या धाकट्याने तिसरीच युक्ती सांगितली : पहिल्या दिवशी पेन्सिली दोन न्याव्यात, एक उसनी देण्यासाठी.

आम्ही तिघे अधिकारी ऐकत राहिलो. बदली म्हणजे आमच्या लेखी एक कागद असतो : अमुक तारखेस कार्यमुक्त, तमुक तारखेस रुजू, प्रवासभत्ता, सामानाचा ट्रक, घरभाड्याचा प्रश्न. त्या कागदाच्या पाठीमागे पोरांनी एवढे शास्त्र रचून ठेवले आहे आणि ते तीन भाषांतल्या तीन घरांत सारखेच आहे, हे आम्हांला कोणत्याही परिपत्रकाने कळविले नव्हते. त्या रात्री चित्रपट कोणत्या भाषेतला, हे कोणी विचारले नाही. पाहुण्यांना रुचला की नाही याकडे आम्हीही पाहिले नाही. यजमानाची खुर्ची रिकामी राहिली आणि आम्ही कितीतरी दिवसांनी एखाद्या मराठी चित्रपटाचे केवळ प्रेक्षक होऊन बसलो. झोपण्यापूर्वी चिरंजीवांनी विचारले, “बाबा, यंदाची ऑर्डर कधी निघते?” मे महिन्यात कळेल, असे आम्ही सांगितले. “मग पेन्सिली आत्ताच आणून ठेवा,” असे म्हणून ते पांघरूण घेऊन निजले.

पुढली पाळी मुलांनी आपल्याकडे घेतली आणि चिरंजीवांच्या आग्रहावरून १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ लागला. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या विनोदातला निम्मा भाग इंग्रजी ओळींतून गळून पडतो, ही आमची तक्रार होती. परंतु तक्रार ऐकण्याइतके कोणी शुद्धीवर नव्हते. हसून हसून दमलेले बलियाचे शेजारी एकाएकी उठून उभे राहिले आणि म्हणाले, की ही गोष्ट तर आमची. हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ पाहा. म्हणणे खरे होते. तो चित्रपट १९६६ चा आणि मराठी चित्रपटाचे मूळ त्यातच आहे. दोहोंत सरस कोणता यावर दारात उभ्याउभ्याच पाऊण तास वाद झाला. येत्या रविवारी पाळी त्यांची आहे आणि तो हिंदी चित्रपट लावण्याचे ठरले आहे. तो अधिक चांगला निघाला, तर आम्ही तसे सर्वांसमक्ष सांगणार आहोत. आणि न निघाला, तर तेही सांगू.