तळघर आणि ओल

मराठी समीक्षेला तळघराचे फार वेड आहे. नेणिवेचे तळघर, स्मृतींचे तळघर, संस्कृतीच्या तळघरात पडून राहिलेले आदिबंध, एम.ए.च्या उत्तरपत्रिका तपासताना हा शब्द इतक्या वेळा भेटतो की लिहिणाऱ्यांपैकी कितीजण प्रत्यक्ष तळघरात उतरले असतील, असा प्रश्न पडतो. समीक्षेतल्या या तळघरांत अंधार असतो, जिना असतो, कडीकुलूप असते. ओल मात्र कधीच नसते. ज्याच्या घराला खरोखरीचे तळघर आहे त्याला ही उणीव खटकते, कारण वर्षातले सात-आठ महिने तळघर म्हणजे प्रामुख्याने ओलच.

आमचे घर चंद्रपूरच्या परकोटाच्या आत, पठाणपुरा दरवाजाच्या अंगाला आहे. पणजोबांनी बांधलेल्या या घराने शंभरी ओलांडली आहे. पाया आणि जोते वालुकाश्माचे, चुन्यात बांधलेले. वर विटा, सागवान आणि कौले. पुढच्या खोलीखाली दहा बाय बारा फुटांचे तळघर आहे. सात पायऱ्या, तीन कोनाडे, आणि गल्लीकडे उघडणारे दोन झरोके. हे तळघर कशासाठी खोदले, याविषयी घरात दोन पक्ष होते. आत्याबाई म्हणत, धान्यासाठी. वडील म्हणत, उन्हाळ्यासाठी. मला वडिलांचे पटते. २०१९ च्या मे महिन्यात या शहरातला पारा ४८ अंशांवर गेला होता. अशा दुपारी खाली उतरून दगडाला पाठ लावली की पणजोबांचा हेतू वेगळा सांगावा लागत नाही.

उन्हाळ्याच्या दृष्टीने केलेली ही सोय पावसाळ्यात उलटते, आणि त्याला या शहराची बसण्याची जागाच कारण आहे. चंद्रपूर दोन नद्यांच्या मध्ये वसले आहे. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट; दोघी शहराच्या दक्षिणेला एकमेकींना मिळतात आणि इरई पुढे वर्धेत जाते. वर्धेला पूर आला की इरईच्या पाण्याला पुढे जायला जागा राहत नाही, ते मागे तुंबते. खांडक्या बल्लाळशहाच्या नावाशी जोडलेल्या या गोंडकालीन नगराला चार दरवाजे आणि पाच खिडक्यांचा परकोट आहे, पण परकोट जमिनीवरचा. जमिनीखालच्या पाण्याला दरवाजे-खिडक्यांचे बंधन नसते.

आजोबांच्या आणि वडिलांच्या काळात ओल होती, पण तिचा त्रास नव्हता. श्रावणात दगड घामेजत, दिवाळीपर्यंत वाळत. दोन झरोक्यांतून वारा खेळत असे. पुढे गल्लीचा रस्ता दर काही वर्षांनी थराथराने वर चढत गेला; जुन्यावर नवे काँक्रीट, त्यावर आणखी नवे. आमच्या लहानपणी ओट्याला चार पायऱ्या होत्या, आता दीड उरली आहे. एक झरोका रस्त्याखाली गेला म्हणून विटा लावून बंद केला गेला, दुसऱ्याच्या तोंडाशी गल्लीचे पाणी येऊ लागले. भिंत तीच, दगड तोच. तिचे वाळणे तेवढे थांबले.

२०२१ मध्ये पुण्याला असणाऱ्या धाकट्या भावाने पुढाकार घेऊन बाहेरगावच्या एका ठेकेदाराकडून तळघराचे वॉटरप्रूफिंग करवून घेतले. आतून सगळ्या भिंतींना सिमेंटचा जाड गिलावा, त्यावर रसायनाचे दोन हात, खाली फरशी. काम संपले तेव्हा तळघर एखाद्या बँकेच्या लॉकररूमसारखे दिसत होते. आई दोनदा खाली उतरून पाहून आली. पहिल्या पावसाळ्यात तळघर कोरडे राहिले आणि देवघराची भिंत ओली झाली. देवघर तळघराच्या थेट वर आहे, आणि त्या भिंतीला शंभर वर्षांत कधी लोणा लागला नव्हता. आता गिलाव्यावर पांढरी, कापसासारखी बुरशी दिसू लागली. ती बुरशी नव्हती, मीठ होते.

असे का झाले हे पुढे कळले, आणि कळल्यावर ते इतके साधे वाटले की आधी कुणी कसे सांगितले नाही याचे नवल वाटले. वालुकाश्म आणि चुना या दोहोंत बारीक छिद्रे असतात. दिव्याची वात जसे तेल ओढते तसे ती जमिनीतले पाणी वर ओढतात. पाणी चढता चढता भिंतीच्या पृष्ठभागावरून हवेत उडून जाते; जितके चढले तितके उडाले की एका उंचीवर ते थांबते. आमच्या भिंतीत ही उंची तळघराच्या छताखालीच होती. आतून सिमेंट थापल्यावर उडण्याची जागा बंद झाली, तेव्हा पाणी उघडी भिंत सापडेपर्यंत वर चढत गेले. वाटेत विरघळलेले क्षार घेऊन आले, आणि पाणी उडाल्यावर ते क्षार गिलाव्याच्या पोटात स्फटिक होऊन फुगले. लोणा म्हणजे दुसरे काही नाही.

मग जुलै २०२२ आला. वर्धा आणि इरईच्या त्या पुरात पठाणपुऱ्याबाहेरचा सगळा सखल भाग पाण्याखाली होता. आमच्या गल्लीत पाणी घोट्याएवढेच होते, पण तळघरात ते वरून आलेच नाही. रात्री खालून फटाका फुटावा तसा आवाज झाला. फरशी मध्यभागी उचलली जाऊन फुटली होती आणि पाणी खालून येत होते. बाहेर साचलेल्या पाण्याचा दाब पायाखालून वर येतो. त्याला वाट ठेवली नाही तर तो वाट करतो. सकाळपर्यंत कमरेइतके पाणी झाले आणि वडिलांची लोखंडी पेटी त्यात बुडाली.

त्या पेटीविषयी थोडे सांगणे भाग आहे. वडील प्राथमिक शिक्षक होते. नागभीड, सिंदेवाही, पुढे वैनगंगेपलीकडे आरमोरी अशा बदल्यांच्या गावी त्यांनी दंडारीची पदे आणि बायकांची गाणी वह्यांत उतरवून घेतली. वर माळ्यावर उदई लागते आणि उन्हाळ्यात कागद पापडासारखा मोडतो, म्हणून २००९ मध्ये जाण्यापूर्वी त्यांनीच ती पेटी खाली कोनाड्यात ठेवविली होती. वह्या एकेचाळीस होत्या. आम्ही त्या उन्हात न घालता पंख्याखाली, पानापानांत टिपकागद घालून तीन आठवडे वाळवल्या. अकरा वह्यांचा एकजीव गोळा झाला होता, त्या सुटल्या नाहीत. उरलेल्यांत जे दिसले ते पाठचिकित्सा शिकविणाऱ्याने पाहावे असे होते. पदे वडिलांनी शाईच्या पेनाने लिहिली होती, ती निळ्या डागांत विरघळून गेली. समासात मात्र म्हणणाऱ्याचे नाव, गाव आणि कुणाकडून शिकला हे शिसपेन्सिलीने टिपले होते, आणि शिसे पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे कित्येक पानांवर आता गायक आहेत, गाणे नाही.

पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, घुग्घुसच्या अमराई वॉर्डात जुन्या भूमिगत कोळसा खाणीवरचे एक घर साठ-सत्तर फूट जमिनीत गेले. जिल्हाभर तीच चर्चा होती. लालपेठ, महाकाली, रयतवारी या खाणींच्या शहरात पायाखालची पोकळी ही भीती घालायला पुरेशी असते. भावाचा फोन आला. “दादा, आता पुरे झालं. मुरूम आणून तळघर भरून टाकू. आई एकटी राहते तिथे.” त्याचे म्हणणे अडाणीपणाचे नव्हते. आमच्या घराखाली खाण नाही हे मी त्याला सांगू शकत होतो, पण फुटलेली फरशी आणि फुगलेली देवघराची भिंत त्यानेही पाहिली होती. चार शेजाऱ्यांनी तोच सल्ला दिला. आई एवढेच म्हणाली, “भरलं तर पाणी कुठं जाईल रे?” या प्रश्नाचे उत्तर आम्हा दोघा भावांकडे नव्हते.

उत्तर मूलकडच्या एका म्हाताऱ्या गवंड्याकडे मिळाले. त्यांनी बापाच्या हाताखाली चुन्याची घाणी पाहिली होती. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करीत ते फिरले आणि म्हणाले, “सर, भितीले आतून बांधून काय फायदा? पानी तं भाईर हाय. त्याले जाले रस्ता द्या लागते जी.” आणि मुरूम भरण्याविषयी, “मंग तं चारही भिती बारा महिने गिल्ल्या राहतीन.” तेव्हा आईचा प्रश्न मला समजला. रिकामे तळघर हे भिंतीला आतून वारा लागण्याचे एकमेव साधन होते. ते भरणे म्हणजे ठेकेदाराचेच काम अधिक पक्के करणे होते.

२०२३ च्या जानेवारीत काम सुरू झाले. प्रथम सगळे सिमेंट सोलून काढले. येथे एक विसंगती नमूद करण्याजोगी आहे. गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस अशा सिमेंट कारखान्यांचा हा जिल्हा आहे; सिमेंट आणि चुना दोन्ही चुनखडीचीच लेकरे. पण चुन्याच्या भिंतीत सिमेंट परके ठरते. ते मऊ वालुकाश्माहून कठीण, म्हणून झीज दगडाच्या वाट्याला येते. गिलाव्याबरोबर दगडाच्या पापुद्र्या सुटून येताना आम्ही पाहिल्या. दरजेने झिजावे आणि दगड राहावा, असा जुना हिशेब होता. दरज पुन्हा भरता येते.

मग भिंतींना दोन महिने नुसते उघडे ठेवले. गवंडीबाबा दर आठवड्याला येऊन कुंच्याने मीठ झाडत आणि परत जात. या दोन महिन्यांची मजुरी ती काय द्यायची, असा भावाचा प्रश्न होता. बाहेरची चर एका दमात न खणता चार-चार फुटांचे तुकडे करून खणली, कारण पूर्ण पाया एकदम उघडा पडला तर तो सरकू शकतो. चरीत गिट्टी आणि भोके पाडलेली नळी, उतार गल्लीच्या नालीकडे. न्हाणीची मोरी पायात झिरपत होती, ती नव्याने बांधली. कौलांचे पाणी जोत्यापासून दूर पडावे म्हणून पन्हाळ लावले. बंद झरोका उघडून त्याला बाहेर हातभर उंचीची दगडी कड केली. या सगळ्यात तळघराच्या आत काहीच केले नव्हते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आतले काम शेवटी. वर्धा नदीपलीकडच्या राजूरहून भट्टीचा चुना आणला. तो विरवून पंधरा दिवस पाण्याखाली ठेवला. त्यात विटांची सुरखी आणि रेती, शिवाय हिरड्याचे आणि गुळाचे पाणी. हिरडा गडचिरोलीच्या जंगलातला, माझ्या एका विद्यार्थ्याने आणून दिलेला. सुरखीचे कारण मी नंतर वाचले. नुसता चुना हवेतला कर्बवायू घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, ओलीत त्याला तो मिळत नाही; भाजलेल्या मातीशी मिळाला की मात्र तो ओलीतही आवळतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एडिस्टनचा दीपस्तंभ बांधणाऱ्या जॉन स्मीटनने १७५६ च्या सुमारास प्रयोग करून पाहिले, तेव्हा मातीचा अंश असलेल्या चुनखडीचा चुनाच पाण्यात टिकतो असे त्याला आढळले. आमच्या गवंडीबाबांना स्मीटन ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांच्या बापाला प्रमाण ठाऊक होते. दरजा भरल्यावर महिनाभर ओले गोणपाट लटकवून ठेवले. ओल घालविण्यासाठी भिंत ओली ठेवायची, हे पाहून शेजाऱ्यांना मौज वाटली. फरशीऐवजी गिट्टीच्या थरावर सुट्ट्या शहाबादी बसवल्या, आणि कोपऱ्यात एक खड्डा घेऊन त्यात लहान पंप ठेवला. पूर आला तर पाणी येईल. ते खड्ड्यात येईल, एवढेच.

हिरडा आणणारा तो विद्यार्थी भामरागडकडचा. काम पाहायला आला तेव्हा त्याला या खटाटोपाचे फारसे कौतुक वाटले नाही. “सर, आमच्याकडे कुडाची भिंत. पावसात खराब होणारच. दिवाळीआधी आई पुन्हा लिंपते.” कुडाच्या भिंतीला ओल हा रोग नाही, ऋतू आहे, हे त्याच्या बोलण्यातून जाणवले. पक्के घर बांधणाऱ्याला एकदाच करून कायमचे मोकळे व्हायचे असते. लिंपणारीच्या मनात तसे नसते.

तीन पावसाळे झाले. देवघराची भिंत दुसऱ्या वर्षी वाळली. आईने तिला पुन्हा चुनाच दिला. २०२४ मध्ये पंप काही दिवस चालवावा लागला. ईशान्येचा कोपरा अजून भाद्रपदात गडद होतो आणि मार्गशीर्षात उजळतो. गवंडीबाबांच्या मते तो तसाच राहील. वह्या आता वर, पोलादी कपाटात आहेत. उन्हाळ्यात आत पाण्याची वाटी ठेवतो. समासातल्या नावांवरून दोन गावे फिरून झाली. एका ठिकाणी गायकाच्या मुलाला दीड पद येत होते. गेल्या मे महिन्यात भाऊ सुटीवर आला तेव्हा दुपारी चटई घेऊन खालीच झोपत असे. मुरुमाचा विषय त्याने काढला नाही.

गल्लीत नवे काँक्रीट टाकायचे आहे असे आता ऐकतो. २०२३ मध्ये झरोक्याची कड रस्त्यापासून हातभर वर होती. मागच्या आठवड्यात मोजले तर मधल्या एका थराने ती वीतभर उरली आहे.