यूरे : गोठलेल्या पाण्याची पेठ

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, सॅन ह्वान पर्वतराजीच्या कुशीत, सुमारे ७,८०० फूट उंचीवर यूरे नावाचे चिमुकले गाव वसलेले आहे. लोकवस्ती जेमतेम हजाराच्या आसपास. जानेवारीतील सकाळी येथील उपाहारगृहांतून बाहेर पडणारी माणसे पाठीवर दोरांची वेटोळी घेऊन गावाच्या दक्षिणेकडे चालू लागतात. दहा-पंधरा मिनिटांत अनकंपाग्रे नदीची अरुंद घळ येते. तिच्या उभ्या कड्यांवरून निळसर-पांढरे बर्फस्तंभ काचेच्या झुंबरांसारखे तळापर्यंत लोंबत असतात. गोठलेल्या धबधब्यांवरील चढाईसाठी हे स्थान जगभर प्रसिद्ध आहे.

गाव वसले ते १८७० च्या दशकात, चांदीच्या खाणींमुळे. १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळला आणि अनेक खाणी बंद पडल्या. पुढे जवळच्या कॅम्प बर्ड खाणीत सोने सापडले. त्या सोन्यावर धनाढ्य झालेल्या थॉमस वॉल्श यांच्या कन्येनेच १९११ मध्ये, मूळचा आपल्या गोवळकोंड्याकडील मानला जाणारा, सुप्रसिद्ध होप हिरा विकत घेतला. कालांतराने ते वैभवही ओसरले. उन्हाळ्यात पर्यटक येत. हिवाळ्यात मात्र कित्येक हॉटेले आणि दुकाने कुलूपबंद असत.

अशा गावाला आधार मिळाला तो एका गळतीचा. जलविद्युत केंद्राकडे जाणाऱ्या जुन्या नळातून झिरपणारे पाणी कड्यावर गोठत असे. गिर्यारोहकांनी त्यावर चढाई सुरू केली आणि १९९० च्या दशकात या योगायोगाला व्यवस्थेचे रूप दिले. गावाच्या टाकीतून ओसंडणारे पाणी नळांनी घळीच्या काठावर आणून ठिकठिकाणी शॉवरची तोंडे बसवण्यात आली. आज येथे दीडशेहून अधिक चढाईमार्ग आहेत. प्रवेशशुल्क नाही, खर्च मुख्यत्वे देणग्या व सभासदांच्या वर्गणीतून भागतो.

चढाईचे शास्त्र संयमाचे आहे. बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे पोलादी दाते बांधलेले असतात आणि प्रत्येक हातात वक्र दांड्याची आइस अ‍ॅक्स असते. नवखा मनुष्य बाहुबळावर चढू पाहतो व थोड्याच वेळात थकतो. जाणकार आपला भार पायांवर ठेवतो, टाचा खाली सोडतो आणि मनगटाच्या एका हलक्या झटक्याने अ‍ॅक्स रोवतो. फुगीर भागावर घाव घातला तर बर्फाची थाळीएवढी चकती सुटते, म्हणून तो खोलगट जागा शोधतो. घाव नीट बसला की बद्द, भरीव आवाज येतो. पोकळ आवाज आला तर तेथे भार टाकायचा नाही. पत पाहिल्याविना कर्ज न देण्याचाच हा नियम.

नवख्यांसाठी दोर वरच्या काठावरील पक्क्या आधारातून ओवलेला असतो आणि खाली उभा असलेला साथीदार तो सतत आवळून धरतो. वरून बर्फाचे तुकडे कोसळत असल्याने शिरस्त्राण अनिवार्य. हात बराच वेळ डोक्यावर राहिल्याने बोटे बधिर होतात. खाली उतरल्यावर त्यांत रक्त परतते तेव्हाची कळ धट्टाकट्टा गडीही विसरत नाही.

सूर्य डोंगराआड गेला की आरोहक गावाकडे परततात. ज्या खोल्या एकेकाळी हिवाळाभर रिकाम्या असत, त्यांच्या खिडक्यांत दिवे लागतात. मात्र या पेठेचे सारे भांडवल पाणी आणि थंडी हेच आहे. बर्फाची साठवण करता येत नाही; वसंत येताच ते वितळून नदीला मिळते आणि पुढच्या वर्षी शून्यापासून आरंभ करावा लागतो. हिवाळा उबदार गेला किंवा टाकीत पाणी कमी पडले, तर गावाचा हंगामच आखडतो.

म्हणून घळीतला खरा कामाचा प्रहर रात्रीचा. ‘बर्फाचे शेतकरी’ म्हणून ओळखले जाणारे कर्मचारी अंधारात काठाने फिरत एकेक झडप उघडतात. कोठे किती पाणी सोडायचे, हे ते त्या रात्रीच्या गारठ्यावरून ठरवतात. पाणी जास्त झाले तर गोठण्यापूर्वीच वाहून जाते. कमी पडले तर दिवसभरात अ‍ॅक्सच्या घावांनी पडलेली छिद्रे बुजत नाहीत. फवारे सुरू होतात, थेंबावर थेंब साचत जातो आणि सकाळी येणाऱ्यांसाठी कडा पुन्हा सांधला जातो.