कच्च्या पानावरचा मजमून

बी.एड.ला पाठटाचण काढायची सवय लागली ती लागलीच. निबंध शिकवतानाही मी फळ्यावर तसंच लिहायचे: प्रस्तावना, विषयविस्तार, समारोप. उर्दूच्या तासाला तमहीद आणि खातिमा. शब्द वेगळे, साचा एकच. मुलं त्यात गाइडमधली वाक्यं भरायची आणि मी गुणही द्यायचे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. शाळा पुन्हा भरल्यावर नववीला विषय दिला, ‘पूरग्रस्ताचे मनोगत’. एका मुलीची सुरुवात होती, ‘नदी ही मानवाची जीवनदायिनी आहे.’ हिच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं! वहीत ना घर, ना माळा.

"बेटा, ये किसका घर है?"

"मॅडम, मराठीत सुचत नाही."

मग कच्चं पान दिलं. म्हटलं, मराठी राहू दे. उर्दूत लिही, घरच्या बोलीत लिही. वाक्य नको, नुसते शब्द. तिने उजवीकडून सुरुवात केली. नानीच्या गोळ्या, कुरआन शरीफ, रेशनकार्ड, शेळी, अंधार, होडी. आधी काय उचललंस, विचारलं. कुरआन शरीफला एक नंबर पडला, गोळ्यांना दोन. शेळीपाशी ती थांबली. होडीत शेळीला जागा नव्हती. तो शब्द तिने खोडला, परत लिहिला आणि सगळ्यात शेवटी नेऊन ठेवला.

सुरुवात कुठून करायची यावर मात्र आमचं जमेना. मी साताऱ्याची, त्यामुळे मला कोयना धरण आठवणारच. म्हटलं, पाटणपासून सुरू कर, कराडला कोयना कृष्णेला मिळते, तिथून पाणी तुमच्या दारात. तिने मान हलवली. "उंबऱ्यापासून करते." तिचंच बरोबर होतं. कोयना तिसऱ्या परिच्छेदात एका ओळीत आली, ‘इतकं पाणी आलं कुठून’ असं नानी विचारते तिथे.

मराठीच्या तासाला उर्दू कशाला, असं स्टाफरूममध्ये ऐकावं लागलं. लागू दे. चाळीस मिनिटांतली पहिली दहा मी आजही कच्च्या पानाला देते.

तिच्याकडे समारोप मी मागितलाच नाही. शेवटची ओळ शेळीची होती.